लकव्यानंतर हरवते ते क्रियापद

लकवा मारून माणसाची वाचा गेली, की घरात एक शाळा सुरू होते. पेला उचलून ‘हे काय?’, चमचा दाखवून ‘हे काय?’, नातवाकडे बोट करून ‘हा कोण?’. चाळीसगाव तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर असो वा पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, ही शाळा सारखीच चालते. उत्तर आले की सगळ्यांना हायसे वाटते. महिना-दोन महिन्यांत रुग्ण ‘पेला’, ‘चहा’, ‘बाळू’ म्हणू लागतो आणि तरीही बोलणे म्हणावे असे काही सुरू होत नाही. ‘चहा... बाळू... दूध...’ एवढ्यावरच गाडी अडते. चहा हवा आहे, की सांडला, की बाळूने आणलाच नाही, की दूध नासले, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे. वस्तूंची नावे परत आली, पण त्यांचे काय झाले ते सांगणारे क्रियापद आले नाही.

या विकाराला वैद्यकात अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. लकवा आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना तो होतो. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात सांभाळली जाते. तिथला रक्तपुरवठा तुटला, की उजवा हात-पाय आणि बोलणे असे दोन्ही एकदम जाते. हाता-पायाचे दुःख दिसते, त्यामुळे मालिशवाला, फिजिओथेरपिस्ट, काठी, व्हीलचेअर अशी धावपळ होते. भाषेचे दुःख दिसत नाही. ‘येईल हळूहळू’ म्हणून ते बाजूला ठेवले जाते. त्यातून आणखी एक गैरसमज होतो. बोलता न येणारा हाच माणूस एक ते दहा आकडे घडाघडा म्हणतो, आरती म्हणतो, चिडला की शिवीही अचूक देतो. मग घरच्यांना वाटते, हा मुद्दाम बोलत नाही, नाहीतर डोक्यावर परिणाम झाला. दोन्ही खरे नाही. पाठ झालेले बोलणे आणि दर वेळी नव्याने जुळवावे लागणारे वाक्य यांचे मार्ग मेंदूत पुरते एक नाहीत. वाचाघातात बुद्धी जात नाही, तिची भाषेतली वाट बंद होते.

नावे राहतात आणि क्रियापदे जातात, हे निरीक्षण फार जुने आहे. इटलीतील नेपल्सचा तत्त्वज्ञ जांबत्तिस्ता विको याने १७४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या आवृत्तीत अशा एका गृहस्थाचा उल्लेख केला आहे. झटका येऊन गेल्यावर तो नामे बोले, पण क्रियापदे पार विसरला होता. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, १८६१ मध्ये, पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी ‘तां’ या एकाच अक्षरावर आयुष्य काढलेल्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातील इजा जगासमोर आणली. १९८४ मध्ये इटलीच्याच संशोधकांनी रुग्णांचे दोन गट तपासले. तुटक, व्याकरणहीन बोलणाऱ्यांना वस्तूंपेक्षा कृतींची नावे सांगणे जड जात होते. सलग बोलणाऱ्या पण शब्द न सापडणाऱ्यांचे उलट होते.

असे का व्हावे? ‘पेला’ हा शब्द एकटा उभा राहू शकतो. क्रियापद तसे राहत नाही. ‘झोपणे’ म्हटले की एक माणूस लागतो. ‘वेचणे’ म्हटले की वेचणारी आणि कापूस, असे दोन लागतात. ‘देणे’ म्हटले की देणारा, घेणारा आणि द्यायची वस्तू, असे तीन. क्रियापद आठवताना मेंदूला ही सगळी मंडळी एकदम बोलवावी लागते आणि त्यांच्या जागा ठरवाव्या लागतात. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सिंथिया थॉम्पसन यांच्या गटाने क्रियापदे आणि वाक्ये तपासण्याची चाचणी याच हिशेबावर बेतली. जितकी मंडळी जास्त, तितके क्रियापद जड, असे अनेक रुग्णांत दिसते.

मराठीत तर काम आणखी अवघड. इंग्रजीत कोणी कोणाला काय केले हे बरेचसे शब्दांच्या क्रमावरून कळते. मराठीत ते प्रत्ययांवरून कळते, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. शेवटी येणाऱ्या या शब्दाला मागचा सगळा हिशेब चुकता करावा लागतो. ‘सीता पोळी खाते’ या वाक्यात क्रियापद सीतेकडे पाहते. तेच कालचे सांगायचे झाले, की ‘सीतेने आंबा खाल्ला’, ‘सीतेने पोळी खाल्ली’. आता क्रियापद सीतेकडे पाठ फिरवून खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. शिवाय तीन लिंगे, आणि ‘मला भूक लागली’सारखी वाक्ये, ज्यांत भूक लागलेला माणूस कर्ताच नसतो. निरोगी माणूस हे चौथ्या वर्षापासून विचार न करता करतो. वाचाघात झालेल्याला प्रत्येक वाक्यात हे गणित नव्याने सोडवावे लागते. म्हणून पुष्कळदा तो सोडवतच नाही, नामे पुढे करून थांबतो.

इथे फारसीकडे पाहणे उपयोगाचे आहे. इराणमध्ये रेझा नीलीपूर आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी फारसी बोलणाऱ्या वाचाघाताच्या रुग्णांचा अभ्यास केला, फारसीसाठी चाचण्या तयार केल्या, आणि आता क्रियापद व वाक्य यांवरचे उपचार तिथे तपासले जात आहेत. फारसी मराठीची लांबची नातेवाईक. तिच्यातही क्रियापद शेवटी येते. पण तिची एक खोड मराठीवाल्यांना ओळखीची वाटेल. फारसीत साधी, एका शब्दाची क्रियापदे थोडी आणि जोडक्रियापदे फार. गप्पा करण्याला फारसीत ‘गप जदन’ म्हणतात. ‘जदन’ म्हणजे मारणे. म्हणजे इराणी माणूसही गप्पा मारतोच. मार खाण्यालाही तिथे ‘खाणे’ हेच क्रियापद लावतात. अशा भाषेत क्रियापद सापडणे म्हणजे दोन तुकडे सापडणे आणि ते योग्य जोडीने जोडणे. रुग्णाला पहिला तुकडा मिळतो, दुसरा निसटतो. मराठीत ‘फोन’ आठवतो, पण तो लावायचा, करायचा, उचलायचा की ठेवायचा, तिथे घोडे अडते. काढण्याचेच पाहा. दूध काढतात, रांगोळी काढतात, फोटो काढतात, कर्ज काढतात आणि भांडण उकरूनही काढतात. इंग्रजी रुग्णांसाठी बनवलेली चित्रांची यादी भाषांतरित करून ही अडचण पकडता येत नाही. इराणी अभ्यासकांनी ही गोष्ट आपल्या भाषेपुरती हाती घेतली, मराठीत ती अजून पुरेशी घेतलेली नाही.

उपचार म्हणजे नेमके काय करतात? क्रियापदांच्या जाळ्यावर आधारलेली एक पद्धत अमेरिकेतील लिसा एडमंड्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. तिला चित्रे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. एक क्रियापद घ्यायचे, समजा ‘विकणे’. चिठ्ठीवर ते मधोमध लिहायचे. एका बाजूला ‘कोण?’, दुसऱ्या बाजूला ‘काय?’. रुग्णाने जोड्या शोधायच्या: शेतकरी - कापूस, बाई - भाजी, गवळी - दूध. सुचले नाही तर दोन-चार पर्याय लिहून द्यायचे, त्यांतून निवडू द्यायचे. निदान एक जोडी त्याच्या स्वतःच्या आयुष्यातली असावी, असा आग्रह असतो. मग ती वाक्ये मोठ्याने वाचायची. मग त्यांतले एक धरून विचारायचे: कुठे विकतो? कधी? का? ‘शेतकरी दिवाळीच्या आधी मार्केटात कापूस विकतो, कारण उधारी फेडायची असते’, इथपर्यंत एका शब्दावरून पोहोचता येते. नंतर डझनभर वाक्ये ऐकवून ती बरोबर की चूक ते विचारायचे. ‘कापूस शेतकरी विकतो’ हे चालेल, ‘कापूस शेतकऱ्याला विकतो’ हे नाही. शेवटी चिठ्ठ्या बाजूला ठेवून क्रियापद आणि जोड्या पुन्हा आठवायच्या.

यामागचा तर्क असा, की क्रियापद ओढले की त्याच्याबरोबर गुंतलेली नामेही वर येतात. एडमंड्स यांच्या पहिल्या अभ्यासात रुग्ण फक्त चार होते, त्यामुळे फार मोठे दावे करण्यात अर्थ नाही. त्यानंतरचे अभ्यासही लहानच आहेत. पण त्यांत वारंवार दिसलेली एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. सराव न केलेली वाक्येही काही रुग्णांत सुधारली. नामांच्या सरावात हे क्वचित होते. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, २७८ जणांच्या एका मोठ्या चाचणीत रुग्णांना सहा महिने संगणकावर शब्द ओळखण्याचा सराव दिला. सराव केलेले शब्द चांगलेच सुधारले. गप्पांमध्ये मात्र फरक पडला नाही. घरोघरी चालणाऱ्या ‘हे काय?’च्या शाळेचा निकालही असाच लागतो, आणि त्यात घरच्यांचा दोष नाही. त्यांना दुसरे काही कोणी सांगितलेलेच नसते.

या पद्धतीसाठी मराठीइतकी सोयीची भाषा शोधून सापडायची नाही. इंग्रजीत अंगावर जे जे चढवायचे त्याला एखाद-दुसरे क्रियापद पुरते. मराठीत लुगडे नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, कुंकू लावतात, शाल पांघरतात. ‘नेसणे’ म्हटले की लुगडे किंवा धोतर आपोआप येतेच. शेतीतही तसेच. वखरणे, निंदणे, खुरपणे, वेचणे, मळणे या प्रत्येक शब्दाला आपले पीक, आपला हंगाम आणि आपले अवजार चिकटलेले आहे. पन्नास वर्षे कपाशीत काढलेल्या बाईला ‘वेचणे’ या शब्दाभोवती जेवढे जाळे सापडेल, तेवढे शहरी चित्रांच्या पुस्तकातल्या कुठल्याही शब्दाभोवती सापडणार नाही. जगभर वापरले जाणारे बोस्टनच्या चाचणीतले प्रसिद्ध चित्र पाहा: उभ्या ओट्यापाशी बशा पुसणारी बाई, भरून वाहणारे सिंक, स्टुलावर चढून बिस्किटे चोरणारा मुलगा. चुलीपुढे बसून भाकरी थापलेल्या आजीला ते चित्र दाखवले आणि ती गप्प राहिली, तर ते वाचाघातामुळे की परक्या स्वयंपाकघरामुळे, हे तपासणाऱ्याला कसे कळावे?

खानदेशात हा प्रश्न आणखी एक पायरी खाली उतरतो. चाळीसगाव, पाचोरा, धुळे, साक्री या पट्ट्यात घरात बोलली जाते ती अहिराणी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नोंदीखाली १८ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा लिहिली आहे. शाळा, बँक, दवाखाना यांची भाषा प्रमाण मराठी, आणि डॉक्टरांपुढे रुग्णाचे नातेवाईकही तीच बोलतात. आता व्याकरण पाहा. प्रमाण मराठीत पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, बाई ‘मी जाते’ म्हणते. अहिराणीत दोघेही ‘मी जास’ म्हणतात. ‘मला भूक लागली’चे ‘माले भूक लागनी’ होते, ‘आला’चा ‘उना’ होतो, ‘आहे’चे ‘शे’. वाचाघात झालेल्या बाईला प्रमाण मराठीच्या चाचणीत बसवले आणि ती ‘मी जास’ म्हणाली, तर लिंगाचा प्रत्यय चुकला म्हणून तिचा गुण कापला जाऊ शकतो. प्रत्यक्षात तिने अख्खे, निर्दोष वाक्य बोललेले असते. हा धोका तपासणाऱ्याला बोली येत नसेल तिथे नेहमीच राहणार.

दोन-तीन भाषा असलेल्या माणसाची कोणती भाषा आधी परत येते, यावर वैद्यकात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वाद आहे. फ्रान्सच्या रिबो यांचे म्हणणे होते, लहानपणी शिकलेली आधी येते. पित्र यांनी १८९५ मध्ये सांगितले, सर्वांत जास्त वापरातली आधी येते. पुष्कळ रुग्णांत सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात, असेही पुढे दिसले. पण अपवाद विचित्र आहेत. नीलीपूर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८९ मध्ये फारसी, जर्मन आणि इंग्रजी येणाऱ्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याच्यात काही काळ फारसी चाले तेव्हा जर्मन बंद, आणि जर्मन चाले तेव्हा फारसी बंद, असा लपंडाव होता, आणि इंग्रजी त्यानंतर परतली. भारतात हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी लकव्याच्या ६०८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाहून अधिक भाषा येणाऱ्यांची विचारशक्ती लकव्यानंतर चांगली टिकलेली आढळली. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. म्हणजे अहिराणी, मराठी, हिंदी अशा तीन भाषांत वावरणारा खानदेशी माणूस या बाबतीत दरिद्री नाही. त्याच्या उपचाराने मात्र या तिन्हींची दखल घ्यायला हवी, आणि सुरुवात ज्या भाषेत तो चिडतो, स्वप्न पाहतो, गुराला हाकतो तिच्यात व्हायला हवी.

आता खर्चाचा हिशेब. वाचाघातावर उपचाराने फायदा होतो का, हा प्रश्न बराचसा मिटला आहे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ५७ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या आणि उत्तर होकारार्थी आले. उरतो तो किती आणि केव्हा हा प्रश्न. अनेक देशांतील रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात एकूण २० ते ५० तासांच्या उपचारात सर्वाधिक सुधारणा दिसली, आणि घरी करायचा सराव नेमून दिलेल्यांना जास्त फायदा झाला. जर्मनीत १५६ जणांवर झालेल्या २०१७ च्या चाचणीत तर लकव्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्यांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार दिले आणि त्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारले. ‘सहा महिन्यांत आले ते आले, पुढे काही होत नाही’ हे वाक्य आपल्याकडे अजूनही सर्रास ऐकू येते. ते टाकून द्यायला हवे. पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त असतो, एवढेच त्यातले खरे.

तीस तास धरा. दर खेपेला एक तास म्हणजे तीस खेपा. भाषोपचारतज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. चाळीसगावहून धुळे साठेक किलोमीटर, जळगाव नव्वदच्या वर, नाशिक रेल्वेने सुमारे १४०. रुग्ण एकटा जाऊ शकत नाही, म्हणजे प्रत्येक खेपेला दोन माणसांचा दिवस गेला, आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडाली. आठवड्यातून दोनदा गेले तरी चार महिने लागतात. कापूस वेचणीच्या दिवसांत हे कोणते कुटुंब निभावणार? त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर येणे थांबते, आणि तज्ज्ञाच्या वहीत ‘रुग्ण आला नाही’ एवढीच नोंद उरते.

सरकारी व्यवस्थेत भाषोपचार नाहीतच असे नाही, पण ते मुलांसाठी आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात श्रवण व वाचा उपचारतज्ज्ञाचे पद धरलेले आहे. मर्यादा १८ वर्षांची. ते काम आवश्यकच आहे. परंतु साठीतला कापूस उत्पादक त्या दारातून आत जाऊ शकत नाही. दुसरीकडे, २०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मूळ नावातच पक्षाघात होता. त्याचा भर रक्तदाब आणि साखर तपासण्यावर राहिला. लकवा टाळणे हे पहिले काम, यात शंका नाही. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध मिळावे यासाठीची धडपडही योग्यच. पण वाचलेल्या माणसाच्या भाषेचे काय, हा प्रश्न दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत पडला आहे.

कायदा मात्र इथे व्यवस्थेच्या पुढे गेला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, आणि त्याच्या व्याख्येत अफेझियाचा उल्लेख स्पष्ट आहे. लकव्यानंतर प्रमाणपत्र काढायला जाणारी कुटुंबे हाता-पायाचे काढून परततात. कायमस्वरूपी भाषादोषही त्यात मोजला जाऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. आणि इथे नुसत्या सवलतीचा प्रश्न नाही. खानदेशातल्या शेतकरी कुटुंबात बोलता न येणाऱ्या माणसाच्या नावावर सात-बारा असतो, पीककर्ज असते. त्याला कळत नाही असे एकदा ठरले, की अंगठा कुठे उठवायचा हे दुसरे ठरवू लागतात. ‘जमीन... नको... पोरगा...’ एवढे म्हणणाऱ्या बापाला विकायची नाही, की पोराला द्यायची नाही, की पोराने विकू नये? तीन शब्दांत तीन वेगळे निर्णय बसतात, आणि फरक करणारे क्रियापद तेवढे जागेवर नाही. अशा वेळी हो-नाहीचे प्रश्न एकेक करून विचारणे, पर्याय कागदावर लिहून बोट ठेवायला सांगणे आणि तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारून खात्री करणे, हे साधे उपाय आहेत. कॅनडात ऑरा केगन यांनी अशा आधारासह संवादाचे प्रशिक्षण सामान्य स्वयंसेवकांना दिले, आणि त्यानंतर रुग्णांना आपली बाजू अधिक चांगली मांडता आली, असे २००१ च्या अभ्यासात दिसले.

आपल्याकडचा व्यवहार्य मार्ग याच दिशेने जातो. तज्ज्ञाने एकदा समोर बसून तपासावे, पुढचे मार्गदर्शन महिन्यातून दोन-तीनदा व्हिडिओ कॉलवर करावे, आणि रोजचा अर्धा तास घरातल्या कोणीतरी सांभाळावा. नेटवर्क अडखळते, रुग्णाला एकट्याने मोबाइल हाताळता येत नाही, या अडचणी आहेतच. तरी दहावीला असलेली नात आणि एक वही एवढ्यावर क्रियापदांचे जाळे विणता येते. टीव्ही बंद करावा. ओरडून बोलू नये, त्याला ऐकू येते. त्याचे वाक्य लगेच पुरे करू नये, दहा सेकंद थांबावे. पेला दाखवून ‘हे काय?’ विचारण्याऐवजी ‘चहा कोण करतं?’, ‘तू चहाचं काय करतोस?’ असे विचारावे. अहिराणी घरात ‘तू काय करस?’ असेच विचारावे, सुधारून घेऊ नये.

बोलीतली सामग्री मात्र घराघरांत तयार होणार नाही. त्यासाठी भाषेचे जाणकार आणि भाषोपचारतज्ज्ञ एकत्र बसावे लागतील. मुंबईतल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी उपचाराचे ज्ञान आहे. हिंदीत इंदूरचे न्यूरॉलॉजिस्ट अपूर्व पौराणिक यांनी वाचाघाताच्या जागृतीचे काम वर्षानुवर्षे केले आहे, आणि इंदूर खानदेशाला मुंबईपेक्षा लांब नाही. जळगावचे विद्यापीठ तर बहिणाबाई चौधरींच्याच नावाचे. सुरुवातीला साठ-सत्तर क्रियापदे पुरतील. प्रत्येकाची अहिराणी रूपे, त्यांच्याबरोबर येणारी माणसे आणि वस्तू, आणि तीन-चार गावांतल्या निरोगी वृद्धांकडून ती तपासून घेणे, एवढे पहिले काम. गावागावांत रूपे बदलतात, तेही त्यात नोंदवावे लागेल. एका एम.ए.च्या प्रबंधात बसेल इतकेच ते आहे.